बटनाचा मोबाईल आणि बहात्तर तास

२०२० च्या ऑक्टोबरात धाराशिव जिल्ह्यातलं सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाण्यात गेलं. कुठं काढून घातलेल्या गंजी भिजल्या, कुठं उभ्या शेंगांना कोंब फुटले. महसूल आणि कृषी खात्यानं पंचनामे केले, नुकसान सरकारी कागदावर आलं. विमा मात्र लाखो शेतकऱ्यांच्या पदरात पडला नाही. कंपनीचं म्हणणं होतं की, नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत शेतकऱ्यानं स्वतः कळवायला हवं होतं आणि या लोकांनी ते कळवलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं साडेतीन लाखांहून अधिक सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी १८ हजार रुपये द्यायचा आदेश दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला.

हा निकाल पीकविम्याचा म्हणून ओळखला जातो. मला तो रोजच्या वापरातल्या तंत्रज्ञानाचाही निकाल वाटतो. ॲप होतं, टोल फ्री क्रमांक होता, लेखी अर्जाचीही सोय कागदावर होती. पण अतिवृष्टीच्या त्या तीन दिवसांत लाईट नाही, रेंज नाही, मोबाईलला चार्जिंग नाही आणि रस्त्यावर पाणी, अशा स्थितीत एखाद्या वाडीवरचा माणूस यातलं काय करू शकत होता? नुकसान झालं हे तलाठ्याला माहीत होतं, गावाला माहीत होतं. फक्त शेतकऱ्याच्या हातून एक बटण दाबलं गेलं नव्हतं, आणि तेवढ्यावर त्याचा हक्क गेला होता.

मोबाईल हँग होतो, ॲप उघडत नाही, ओटीपी येत नाही, या तक्रारी आता इतक्या रोजच्या झाल्या आहेत की कुणी त्या तक्रारी म्हणून सांगतही नाही. पर्याय काय, असं विचारलं की उत्तर मिळतं, साधा मोबाईल घ्या, रोख व्यवहार करा, कागद वापरा. शहरात हे खपून जातं. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथं बियाण्यापासून रेशनपर्यंत सगळं स्क्रीनवरून जायला लागलं आहे, तिथं साधेपणाचा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. नवी वाट आली म्हणून जुनी वाट बंद करायची का, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर नाही असं आहे, आणि गेल्या काही वर्षांत इथं काय काय घडलं ते पाहिलं की दुसरं उत्तर सुचतही नाही.

आधी हातातल्या वस्तूबद्दल. बटनाचा मोबाईल अजून गावोगाव आहे. त्याची मागणी कशामुळे टिकली ते समजून घ्यायचं तर २००३ साली आलेल्या नोकिया ११०० पर्यंत मागं जावं लागतं. धूळ आत जाऊ नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड, वर टॉर्च, आणि एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालणारी बॅटरी. जगभर सुमारे २५ कोटी नग खपले. ज्यानं तो घडवला त्यानं धुळीचा, भारनियमनाचा आणि रात्री रानात जाणाऱ्या माणसाचा विचार केला होता. तो साधा होता तो वापरणाऱ्याच्या गरजेपुरता होता म्हणून.

त्यानंतरचा प्रयत्न २०१७ च्या जिओफोनचा. दीड हजार रुपये अनामत, बटणं तशीच, आत इंटरनेट आणि पुढं व्हॉट्सॲपही. शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या घरात तो पोचला. पण ज्या कायओएस प्रणालीवर तो चालायचा, तिच्यावरचं व्हॉट्सॲप आधी नव्यानं घेता येईनासं झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला बंदच पडलं. फोन धडधाकट, बटणं शाबूत, आणि तरी गावाचा ग्रुप, शाळेचा निरोप, तोडीला गेलेल्या मुलाचा फोटो हे सगळं एका दिवसात दिसेनासं झालं. वस्तू न मोडता निकामी होते, हा त्रास आपल्या आईवडिलांच्या पिढीला ठाऊक नव्हता. पाभर मोडली तर सुतार होता.

रिचार्जची कथा याहून कडू आहे. प्लॅन २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा, असं दूरसंचार नियामकानं २०२२ मध्ये सांगितलं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले. ज्या म्हाताऱ्या माणसाला फक्त लेकीचा फोन घ्यायचा आहे, त्यानं रोजच्या दीड जीबी डेटाचे पैसे का भरायचे? हा प्रश्न पारावर कैक वर्षं विचारला जात होता. २३ डिसेंबर २०२४ ला नियामकानं नियम बदलला आणि फक्त कॉल व मेसेजचं वेगळं व्हाउचर द्यायला कंपन्यांना भाग पाडलं. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायची मुभाही दिली. जानेवारी २०२५ पासून असे पॅक मिळू लागले. या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच निर्णय, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. साधी वस्तू वापरायची मुभा असून भागत नाही, ती वापरण्याचा दरही साधा असावा लागतो. अजूनही दुकानदार हा पॅक आपणहून सांगत नाही, मागून घ्यावा लागतो.

आता अंगठ्याकडे येऊ. तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी कुठल्याही सेवा केंद्रात डोकावलं तर चित्र सारखंच असतं. आठ बाय दहाची खोली, एक प्रिंटर, लाल उजेडाचं ठसे घेण्याचं यंत्र, शेजारी ओलं फडकं. समोर बसलेल्या बाईचा अंगठा खुरपणीनं, भांड्यांच्या राखेनं, उसाच्या पाचटानं घासून गुळगुळीत झालेला. केंद्रचालक पोरगा सांगतो, "मावशी, दाबू नका, नुसता टेकवा." मशीन घेईना. मग अंगठा फडक्यानं पुसायचा, केसांवरून फिरवून थोडं तेल लावायचं, परत टेकवायचा. मग दुसरा अंगठा, मग तर्जनी. मागं बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर्व्हर हाय का गेला?" आणि अर्ध्या वेळा सर्व्हरच गेलेला असतो. त्या दिवसाची मजुरी बुडाली, जीपचं भाडं गेलं आणि काम उद्यावर.

जन्मभर कष्ट केल्याची खूण म्हणजे झिजलेला अंगठा, आणि ओळख पटवण्यासाठी यंत्र नेमका तोच मागतं. यावर तोडगे निघाले आहेत हे खरं. पीएम-किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. निवृत्तिवेतनधारकांच्या जीवन प्रमाणपत्रासाठी नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याची सोय आहे, आणि पोस्टमन घरी येऊनही ते काम करतो. झिजलेल्या बोटांच्या माणसाला चेहरा हा अंगठ्यापेक्षा नक्कीच सोपा. हे श्रेय द्यायलाच हवं. रेशनच्या बाबतीत तर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लिहून कळवलं होतं की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कुणाचंही धान्य अडवू नका. हा नियम दुकानाच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असायला हवा. तो माहीत नसलेला माणूस अंगठा उठला नाही की आपलंच चुकलं असं समजून पिशवी घडी करून परत जातो.

लाडकी बहीण योजनेनं हा सगळा प्रश्न एकाच वर्षात समोर मांडला. जुलै २०२४ मध्ये अर्ज सुरू झाले, ॲपवर लोड आला, मग वेबसाइट आली. अखेर बायांचे अर्ज भरले ते बहुतांशी अंगणवाडी सेविका आणि केंद्रचालकांनी. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला गेला. विधवा आणि परित्यक्ता बायकांनी तो कुणाचा द्यायचा? त्याच महिन्यात परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला. सीना नदीकाठची घरं पाण्याखाली गेली, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, कागद आणि मोबाईल चिखलात गेले. ई-केवायसीची मुदत वाढवावी लागली. विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी पुढं जो मार्ग काढला, तो कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडं देण्याचा. अतिवृष्टीच्या मदतीसाठीही ॲग्रीस्टॅक या डिजिटल शेतकरी नोंदणीत नाव असलेल्या शेतकऱ्यांना वेगळ्या ई-केवायसीची अट शिथिल केली गेली.

म्हणजे यंत्र अडलं तिथं काम पुढं नेलं ते गावातल्या ओळखीच्या बाईनं. पण त्या बाईला तरी आपण काय दिलं? राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये दोन जीबी रॅमचे मोबाईल मिळाले. त्यांत पोषण ट्रॅकर हे ॲप चालेना, फोन तापायचे, हँग व्हायचे, आणि ॲपमध्ये नावं इंग्रजीत भरावी लागायची. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे मोबाईल शासनाला परत केले. मराठी भाषेचा मुद्दा उच्च न्यायालयापर्यंत गेला. यंत्र नाकारणारं इतकं मोठं, शांत आणि नेमकं आंदोलन महाराष्ट्रात दुसरं झालेलं मला माहीत नाही. त्यांची मागणी यंत्र नको अशी नव्हती. चालणारा फोन द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नवे फोन मिळायला पुढं वर्षं गेली. आणि आता घरपोच आहार देतानाही लाभार्थी आईचा चेहरा जुळवावा लागतो. पाऊस, अंधारी खोली, रेंज नाही, आणि समोर आहाराचं पाकीट. अशा वेळी सेविकेला वहीत सही घेऊन पाकीट देण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

ई-पीक पाहणीचंही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद आपणच करावी, अशी पद्धत राज्यभर आली. पूर्वी तलाठी चावडीत बसून पेरा लिहायचा आणि सातबाऱ्यावर भलतंच पीक निघायचं, ही तक्रार खरी होती. सातबारा स्वतः डिजिटल झाला आणि मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळायला लागला, तो मोठा दिलासा होता. त्यापायी तालुक्याचे हेलपाटे वाचले. पण पीक पाहणीत शेताच्या हद्दीत उभं राहून फोटो काढावा लागतो, जुन्या फोनचं जीपीएस दोन बांध पलीकडं दाखवतं, आणि शेवटच्या आठवड्यात ॲप सगळ्यांनाच एकदम हवं असतं. नोंद राहिली तर हमीभाव केंद्रावर सोयाबीन अडतं. आता गावोगाव सहायक नेमून उरलेली पाहणी त्यांच्याकडून करून घेतली जाते. ही दुरुस्ती योग्य दिशेची आहे.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. ‘मी आपला बटनाचाच मोबाईल वापरतो’ असं अभिमानानं सांगणाऱ्या माणसाच्या घरात बहुतेक वेळा एक स्मार्टफोन असतोच, मुलाचा नाही तर नातवाचा. ओटीपी त्याच्याकडं येतो, बँकेचा पिन त्याला पाठ असतो. म्हणजे त्रास नाहीसा झालेला नसतो, तो घरातल्या धाकट्याच्या अंगावर गेलेला असतो. ज्या घरात धाकटं कुणी नाही, तिथं केंद्रचालक असतो, आणि त्याला आधार क्रमांक, ओटीपी, पासबुक सगळं दाखवावं लागतं. बहुतेक केंद्रचालक प्रामाणिक असतात. तरीही आपला आर्थिक व्यवहार परक्याच्या हातात देऊन निभावावं लागणं, याला पर्याय म्हणवत नाही. पैशाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं ८ मार्च २०२२ ला यूपीआय १२३पे सुरू केलं. साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. त्याआधीपासून *९९# ही सोय आहे. दोन्ही चांगल्या, पण बँकेच्या शाखेत पासबुक भरायला आलेल्या माणसाला हे कुणी शिकवताना दिसत नाही.

छोट्या दुकानदारांनी मात्र आपला पर्याय शोधून काढला. तुळजापूरला देवीच्या वाटेवर कवड्यांच्या माळा, हळदीकुंकू, पेढे विकणाऱ्यांना दर भाविकाचा मोबाईल हातात घेऊन पैसे आले का ते बघणं शक्य नव्हतं. मराठीत रक्कम बोलून दाखवणारा डबा आला आणि प्रश्न सुटला. वाचता न येणाऱ्या विक्रेत्यालाही आपल्या कानानं हिशेब कळतो. महिन्याचं भाडं लोक कुरकुरत का होईना भरतात. रेंज गेली की डबा गप्प बसतो, मग रोख. नॉर्वेसारख्या रोख जवळपास संपलेल्या देशानं ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीनं पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्यानं बळकट केला, तो याच कारणासाठी.

टीव्हीचा उल्लेख थोडक्यात करतो. महिन्याच्या रिचार्जला कंटाळलेल्या घरांनी दूरदर्शनची मोफत वाहिन्यांची छत्री पुन्हा लावली. ही सेवा २००४ पासून आहे. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचं काही नाही. टीव्ही आणि मोबाईल दोन्हींवरचा गावकीचा इलाज उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं केला. संध्याकाळी भोंगा वाजला की सहा ते आठ टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं ऑगस्ट २०२२ मध्ये असाच भोंगा लावला होता. एकट्या आईनं पोराच्या हातून मोबाईल काढून घेणं अवघड. सगळ्या गल्लीनं एकदम ठेवला तर जमतं.

या जिल्ह्यात साधेपणाचा सर्वांत चांगला धडा मला विहिरीवर मिळाला. शेतीपंपाला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला रानात जायचं म्हणजे साप, विंचू. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघ येडशी-रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला, तेव्हापासून त्या पट्ट्यात रात्री बाहेर पडायला लोक धजेनात. यावर पहिला तोडगा होता ऑटोस्विच. वीज आली की मोटर आपोआप चालू. स्वस्त, सोपा, आणि गावासाठी घातक. कारण वीज येताक्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, भार येतो आणि डीपी जळते. मग आठ-पंधरा दिवस सगळ्यांचंच पाणी बंद. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वारंवार सांगतं ते याचमुळे.

दुसरा तोडगा मोबाईल स्टार्टर. पत्र्याच्या पेटीत स्टार्टरशेजारी बसवलेला एक डबा, आत एक सिमकार्ड. शेतकरी घरातून बटनाच्या मोबाईलवरून त्या नंबरला फोन लावतो. डबा फोन उचलतो, वीज आहे की नाही ते सांगतो. एक दाबलं की मोटर चालू, दुसरं दाबलं की बंद. विहिरीचं पाणी संपलं किंवा एक फेज गेला तर मोटर आपणहून बंद करतो आणि मालकाला फोन करतो. आत काय काय चाललंय याच्याशी शेतकऱ्याला कर्तव्य नाही. ॲप नाही, पासवर्ड नाही, ओटीपी नाही. आणि डबा बिघडला तर स्टार्टरची हिरवी-लाल बटणं जागच्या जागी आहेत, हातानं मोटर चालू करता येते. रोजच्या वापरातलं यंत्र कसं असावं याची माझ्यापुरती ही व्याख्या आहे: वरून साधं, आपल्या हातातल्या जुन्या वस्तूशी जुळणारं, आणि बंद पडलं तरी काम न अडवणारं. याच्या सिमलाही अर्थात रिचार्ज लागतो, तिथं फक्त कॉलचा पॅक थेट कामाला येतो.

जगात इतरत्रही बटणाकडं परतण्याचं वारं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेची जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजाला धडकली, दहा नौसैनिक गेले. चौकशीत स्पर्शपडद्याच्या नियंत्रणाचा गोंधळ पुढं आला आणि अमेरिकी नौदलानं वेग नियंत्रणाच्या जागी पुन्हा हातानं सरकवायचे दांडे बसवायचं ठरवलं. युरोपात मोटारींची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं मागते. तिथं जे संकटाच्या क्षणी खरं ठरलं, तेच अतिवृष्टीच्या रात्री भूम-परंड्यात खरं आहे. पीकविमा मात्र अजून स्क्रीनच मागतो. केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून रानडुकरं, हरणं अशा वन्यप्राण्यांचं नुकसानही पीकविम्यात धरता येईल. शेतकऱ्यांची ही जुनी मागणी होती. पण कळवायचं ७२ तासांत, ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह. १४४४७ हा कृषी रक्षक क्रमांक देशभर चालू आहे. बटनाच्या मोबाईलवरून तिथं केलेला फोन हीच पुरेशी सूचना धरावी आणि फोटोचं काम कृषी खात्याच्या माणसानं करावं, हे नियमात येणं अवघड नाही.

राहिली दुरुस्ती. तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्त करणारी पोरं हुशार आहेत. भिंगाखाली धरून डाळीच्या दाण्याहून बारीक भाग बदलतात. पण चिकटवलेली बॅटरी काढताना पडदा तडकतो, मूळ सुटा भाग मिळत नाही, आणि चार वर्षांचा फोन दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं स्वस्त पडतं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः काढता-घालता येईल अशीच बॅटरी उपकरणांत द्यावी लागणार आहे. आपल्याकडं ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार गटांत शेती अवजारं आहेत. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचा निर्देशांक कसा ठरवायचा, याचा अहवाल समितीनं मे २०२५ मध्ये दिला. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून व्हायची आहे. पुढच्या यादीत मोटर, स्टार्टर आणि फवारणीचा बॅटरी पंप यायला हवेत, कारण रोहिणी-मृगाच्या ऐन घाईत सुटा भाग पुण्याहून यायची वाट बघणारा शेतकरी त्या आठवड्यात पेरणी पुढं ढकलू शकत नाही.